गोंद गेला, काम राहिलं

प्लास्टिकची मॉडेलं जोडण्यात मुरलेले लोक गोंदाशिवाय बसणाऱ्या संचांवर एक आक्षेप हमखास घेतात. भाग दाबला की टक् करून बसतो, मग यात हाताचं काम ते काय? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जपानच्या ‘गनप्ला’चाच, म्हणजे गंडमच्या प्लास्टिक मॉडेलांचाच, प्रवास पाहा. ‘मोबाइल सूट गंडम’ ही ॲनिमेशन मालिका १९७९ साली तिथल्या टीव्हीवर आली आणि पुढच्याच वर्षी बांदाई कंपनीने तिच्यातल्या यंत्रमानवाचा पहिला संच ३०० येनना विकायला काढला. कथेतला अठरा मीटरचा गंडम १/१४४ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा झाला. तो संच चिकटवायला गोंद लागायचा, रंगही आपणच द्यायचा. २०२० साली त्याच गंडमचा ‘एंट्री ग्रेड’ संच निघाला. त्याला गोंद नको, रंग नको, स्टिकर नको, भाग सुटे करायला हत्यारसुद्धा नको. चाळीस वर्षांत नवशिक्याच्या हातातलं एकेक काम कारखान्याने काढून घेतलं, हे खरंच आहे. तरीही मला वाटतं, की जे काढून घेतलं ते नवशिक्याला तसंही पहिल्या दिवशी जमणारं नव्हतं, आणि जे उरलं तेच त्याने आधी शिकायला हवं.

काढून घेतलं ते मुख्यतः मापाचं काम. एका भागाची खुंटी दुसऱ्याच्या भोकापेक्षा किंचित जाड ठेवलेली असते. दाबताना प्लास्टिक जरासं दबतं आणि घर्षणाने पकड धरतं. खुंटी थोडी जास्त जाड झाली तर भाग बसत नाही, थोडी बारीक राहिली तर मॉडेलचा हात लोंबतो. इतक्या बारीक फरकावर ताबा ठेवणं पोलादी साच्याचंच काम आहे. रंगांचंही तेच. बांदाईच्या शिझुओकाच्या कारखान्यात एकाच चौकटीत, म्हणजे रनरमध्ये, चार रंगांपर्यंतचं प्लास्टिक ओतता येतं. पण साच्याला एक गोष्ट टाळता येत नाही. वितळलेलं प्लास्टिक भागात शिरायला कुठून तरी वाट हवीच. ती वाट म्हणजे गेट. फळाला देठ असावा तसा प्रत्येक भागाला एक किंवा अधिक गेट असतात, आणि ते काढणं जोडणाऱ्याच्या हाती राहतं.

नवशिक्या निपर, म्हणजे कापायची छोटी पक्कड, थेट भागाला टेकवून गेट एका दमात कापायला जातो. तिथेच बिघडतं. जाड गेटवर पातं दाबलं, की ताण भागाच्या अंगात शिरतो, प्लास्टिकच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि कापल्या जागी पांढरा डाग उठतो. पांढऱ्या भागावर तो लपून जातो, गडद निळ्यावर लांबून दिसतो. म्हणून कापायचं दोनदा. पहिला काप भागापासून दूर, दोन-तीन मिलिमीटर गेट शिल्लक ठेवून. भाग रनरमधून मोकळा झाला की तो हातात हवा तसा फिरवता येतो आणि उरलेला तुकडा ताण न देता निघतो. दुसऱ्या कापातही निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून केसभर उंचवटा राहू द्यायचा. तो पॉलिश पेपरने उतरवायचा, आधी ४०० नंबर, मग ६००, मग ८०० किंवा १०००. घासलेली जागा आजूबाजूच्या चकाकीपेक्षा मंद दिसते. ते खटकत असेल तर शेवटी सगळ्या मॉडेलवर मॅट थराचा स्प्रे मारतात. कुठे थांबायचं हे सूचनापत्रिकेत लिहिलेलं नसतं. जास्त घासलं तर कड गोल होते, कमी घासलं तर बोटाला लागतं. हा निवाडा हाताचाच आहे, आणि गोंदाच्या संचातही तो तितकाच लागतो.

यावर कोणी विचारेल, की एंट्री ग्रेडमध्ये गेट बोटाने पिळला तरी तुटतो, मग तिथे काय उरलं? पत्रिका वाचणं उरलं, आणि ते कमी नाही. डावा आणि उजवा दंड बहुतेक वेळा जुळ्यांसारखे दिसतात, फरक एखाद्या खाचेचा असतो. गोंद वाळेपर्यंत चूक सुधारायला थोडा वेळ तरी मिळतो. इथे भाग एकदा घट्ट बसला, की ओढून काढताना खुंटी तुटू शकते. त्यामुळे दाबायच्या आधी तपासायची सवय लागते. शिवाय नीट बसलेला सांधा बोटांना कसा लागतो, हे या संचातून आधीच कळतं. तो अनुभव नसेल, तर पुढे गोंदाच्या कामात फट आपल्या हातून पडली की साच्यातच होती, हे कशावरून ओळखणार?

आक्षेपातला एक मुद्दा मात्र मान्यच करायला हवा. दोन अर्ध्या भागांमधली रेघ बुजवणं, पुट्टी भरणं, ती वाळल्यावर घासून एकसंध करणं, यातलं काहीही हे संच शिकवत नाहीत. संच आखणारे ती रेघ बहुधा कडेला किंवा पत्र्याच्या जोडासारख्या खाचेत लपवतात. विमानांच्या किंवा रणगाड्यांच्या मॉडेलांकडे वळणाऱ्याला हे नव्याने शिकावंच लागतं. पण तिथे पोचेपर्यंत त्याचा कापणारा आणि घासणारा हात तयार झालेला असतो, हे थोडं नाही. म्हणून पहिलाच संच बारीकसारीक भागांनी भरलेला ‘रिअल ग्रेड’ घेऊ नये. एंट्री ग्रेड आधी, मग निपर लागणारा साधा ‘हाय ग्रेड’, आणि तोही जमल्यास गडद रंगाच्या भागांचा, म्हणजे चुकलेला काप डोळ्यांना लगेच दिसेल.