गाठ आणि तिचे मोजमाप

गालाच्या आतल्या बाजूस एखादी लहानशी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, जेवणाच्या आड येत नाही; म्हणून घरातील वडील माणसे तिची वाच्यता करीत नाहीत. ‘दुखत नाही, त्या अर्थी काळजी नाही’ ही समजूत कर्करोगाच्या बाबतीत किती घातक ठरते, ते आपण पाहू.

आपल्या शरीरात जुन्या पेशी मरतात आणि गरजेपुरत्याच नव्या जन्मतात. एखाद्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात बिघाड साचत गेला, की ती हा नियम मोडते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असे दुपटीचे गणित सुरू होते. ते वहीत मांडून पाहावे. तीस वेळा दुप्पट केल्यावर संख्या १०० कोटींच्या वर जाते. आणि एवढ्या पेशींची गाठ भरते सुमारे १ सेंटिमीटर, म्हणजे वाटाण्याएवढी! आणखी दहाच दुपटी झाल्या, तर तिचे वजन १ किलोच्या घरात जाईल. प्रत्यक्षात वाढीचा वेग सदैव सारखा नसतो. तरी गाठ हाताला लागते तेव्हा तिची बरीचशी वाटचाल आधीच झालेली असते, एवढे या हिशेबावरून ध्यानात येते.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. साधी गाठ आपल्या जागीच वाढते. कर्करोगाची गाठ मात्र शेजारच्या भागात शिरते, श्वासनलिका किंवा अन्ननलिका यांसारख्या मार्गांवर दाब आणते आणि नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. शरीराचा पोषणव्यवहार बिघडून रोगी खंगतो. तिच्यातून सुटलेल्या पेशी दूरवर जाऊन रुजतात. तोंडातील रोग बहुधा प्रथम मानेतील अवधाणांत उतरतो.

म्हणूनच डॉक्टर गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि निदान पक्के करतात. मग तिची लांबी, खोली आणि मानेतील प्रसार पाहून रोगाची पायरी ठरते. औषधोपचार चालू असता ठराविक काळाने सीटी स्कॅनसारख्या साधनांनी पुन्हा मापे घेतात. सर्वसाधारण संकेत असा, की गाठींच्या मापांची बेरीज मूळच्या मानाने निदान शेकडा ३० नी घटली तर गुण आला. आणि उपचारकाळातील सर्वांत कमी मापाच्या मानाने शेकडा २० किंवा अधिक वाढली, तर रोग पुढे सरकला. गाठ नाहीशी झाल्यावरही तपासणी सुटत नाही. कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे उरलेल्या असू शकतात.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. तंबाखूचा या रोगाशी असलेला संबंध पुढे निर्विवाद सिद्ध झाला.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, उघडेनासे झालेले तोंड, मानेतील न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. आजोबा-आजी ‘काही नाही रे’ म्हणाले, तरी आपण वहीतील ते दुपटीचे गणित त्यांच्यापुढे ठेवावे. रोग लहान असतानाच तो बरा होण्याची आशा मोठी असते.