काय घातलं भो कानावर?

रविवारी संध्याकाळी जळगावात काव्यरत्नावली चौकातून भाऊंच्या उद्यानाकडे एक चक्कर मारा. कट्ट्यावरच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी हीरो असतोच, ज्याच्या गळ्यात जाडजूड हेडफोन हारासारखा लटकलेला असतो. कानावर कमी, गळ्यातच जास्त! पहिल्या पगारात आधी मोबाइल यायचा, मग बाइक. आता मध्येच कुठेतरी हा हेडफोन घुसलाय. आणि तो साधासुधा चालत नाही. बॅटरीवाला, ब्लूटूथवाला, ‘बास एकदम खतरा’वाला लागतो.

खतरा हा शब्द अगदी बरोबर आहे. पण त्याकडे नंतर येऊ.

आधी फंडा क्लिअर करू. जुन्या वायरवाल्या हेडफोनला ताकद मिळायची ती फोनकडून किंवा वॉकमनकडून. नव्यांच्या पोटात स्वतःचा छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि तो बॅटरीवर चालतो. फोन फक्त गाण्याचा डेटा पाठवतो. त्याचा आवाज बनवायचा आणि मोठा करायचा, हे काम हेडफोनचं. म्हणजे तुमचा फोन पन्नास हजारांचा असो की आठ हजारांचा, ब्लूटूथवर गाणं कसं वाजणार हे मुख्यतः डोक्यावरचा डबाच ठरवतो. या प्रकरणाची क्रेझ खऱ्या अर्थाने आणली ती २००८ मध्ये बाजारात आलेल्या ‘बीट्स’च्या स्टुडिओ हेडफोनने. त्यात दोन पेन्सिल सेल लागायचे आणि सेल संपले की हेडफोन ठप्प! वायर लावलेली असली तरी गाणं बंद. तरीही पब्लिकने डोक्यावर घेतला, अक्षरशः. २०१४ मध्ये अॅपलने ती कंपनीच तीन अब्ज डॉलरना विकत घेतली.

तर, असे तीन हेडफोन आणि तीन डोकी घेऊन आम्ही आठवडाभर जळगाव-धुळे केलं. एक बास वाजला की कानशिलावर थरथरणारा, एक बाहेरचा आवाज मारणारा म्हणजे नॉइज कॅन्सलिंगवाला, आणि एक अगदी साधा ब्लूटूथ. डोकी अशी: एक बँकेतला मित्र (जाड काड्यांचा चष्मा), एक धुळ्याच्या कॉलेजात शिकवणारी मैत्रीण (लांब केस, मोठे झुमके) आणि अस्मादिक. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. मॉडेल वर्षभरात बदलतं, कान तेच राहतात.

लूक का मामला है

गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानांतून फिरलात तर हेडफोन आधी डोळ्यांनी विकला जातो हे लगेच कळतं. लाल पट्टी, सोनेरी रिंग, चकचकीत काळा. दुकानातल्या लाइटखाली सगळेच भारी. पण चकचकीत प्लास्टिकवर बोटांचे ठसे आणि आपल्याकडची धूळ असं काही बसतं की दोन दिवसांत तो हेडफोन कपाटामागून काढल्यासारखा दिसायला लागतो. (धुळ्याच्या मैत्रिणीने यावरचा जोक स्वतःच मारून घेतला, त्यामुळे मी मारत नाही.) खरखरीत, बिनचमकीचा मॅट फिनिश बरा.

दुसरं म्हणजे, आरशात समोरून बघू नका, मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. पट्टी डोक्याला चिकटून न बसता दोन्ही बाजूंना कमानीसारखी फुगली, तर लूक गेला. बारीक चेहऱ्याच्या बँकवाल्याला थरथरणारा हेडफोन घातल्यावर तो हेलिकॉप्टरच्या पायलटसारखा दिसत होता. त्याला ते आवडलं, ही गोष्ट वेगळी! बिजागरी मात्र दुकानातच दहा वेळा उघड-मीट करून बघा. करकर वाजली, तर तोच आवाज उद्या मान हलवली की गाण्यात ऐकू येणार.

४४ अंशांची परीक्षा

खरी मजा इथे आहे. हेडफोनचे परदेशी रिव्ह्यू वाचले तर ‘कम्फर्ट’ म्हणजे विमानात आठ तास. आपला कम्फर्ट म्हणजे मे महिन्यात दुपारी दोन वाजता, लाइट गेलेली असताना वीस मिनिटं! जळगाव-धुळ्यात तेव्हा पारा ४४-४५ वर असतो. अॅपल आपल्या एअरपॉड्ससाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगतं. म्हणजे नियमाने चालायचं तर खान्देशात उन्हाळ्यात घराबाहेर गाणी ऐकायचीच नाहीत.

कान पूर्ण झाकणाऱ्या गाद्या बहुधा नकली लेदरच्या असतात. आवाज त्या छान अडवतात आणि तितक्याच प्रेमाने घामही अडवतात. कापडी किंवा मखमली गादीत हवा खेळते, पण थोडा बास बाहेर निसटतो. आमचं मत? उन्हाळ्यासाठी बास गेला तरी चालेल. नकली लेदरला तर घाम आणि खोबरेल तेल दोन्हींचं वावडं. रोज चपचपीत तेल लावणाऱ्यांच्या गाद्यांचे पापुद्रे बघता बघता सुटायला लागतात. म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘दादा, याच्या गाद्या वेगळ्या मिळतात का?’ दादा गोंधळला की पुढच्या दुकानात चला.

वजनाचाही विचार करा. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, तेव्हा त्याच्याबरोबरचा हेडफोन पन्नासेक ग्रॅमचा होता. अॅपलचा २०२० मधला एअरपॉड्स मॅक्स तब्बल ३८५ ग्रॅमच्या आसपास. बॅटरी, अॅम्प्लिफायर, माइक असं सगळं डोक्यावर घ्यायचं तर वजन वाढणारच. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. अडीचशे ग्रॅमचा हेडफोन जर कानशिलं चिमट्यासारखा दाबत असेल, तर तो साडेतीनशेच्या सैल हेडफोनपेक्षा जास्त छळतो. चष्मेवाल्यांना हे पटकन कळतं. काडी आणि कवटीच्या मध्ये गादी दाबली गेली की अर्ध्या तासात ठणका! शिवाय काडीमुळे फट राहते आणि त्या फटीतून बास पळतो. झुमकेवालीची तक्रार वेगळीच. गादीची खोली कमी असेल तर कानाची पाळी आणि झुमका आतल्या जाळीवर घासतात. तिने शेवटी झुमके काढून पर्समध्ये टाकले आणि म्हणाली, ‘हेडफोनसाठी झुमके काढायचे? उलटं व्हायला पाहिजे यार.’

आता वाजवा!

दुकानात आवाज तपासताना सगळ्यात मोठी फसगत एकच होते: जो हेडफोन जास्त मोठ्याने वाजतो, तो आपल्याला जास्त चांगला वाटतो. आपले कान तसेच बनलेत. आवाज वाढला की बास आणि वरचे बारीक सूर दोन्ही जास्त भरतात. आत तगडा अॅम्प्लिफायर असलेला हेडफोन फोनच्या त्याच व्हॉल्यूमला जास्त जोरात वाजतो आणि तिथेच बाजी मारतो. म्हणून दोन हेडफोन बघताना आधी दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका करा. मग ठरवा. आमच्या चाचणीत थरथरणारा हेडफोन एवढ्यानेच पहिल्यावरून तिसऱ्यावर आला.

गाणीही नीट निवडा. आमचं पहिलं गाणं जळगावजवळच्या आसोद्याचं, म्हणजे बहिणाबाईंचं! ‘मानिनी’ (१९६१) सिनेमात त्यांच्या कवितांची गाणी आहेत. त्या काळातलं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच वाजणारं. त्यामुळे गाणारीचा आवाज डोक्याच्या बरोब्बर मध्यभागी उभा राहायला हवा. डावी-उजवीकडे झुकला, तर समजा हेडफोनच्या दोन बाजू सारख्या नाहीत. ‘स’ आणि ‘श’ कानात टोचले, तर तेही इथेच कळतं. दुसरी परीक्षा ‘सैराट’ (२०१६). त्याचं ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंग अमेरिकेत लॉस एंजेलिसला झालं होतं. त्यातली व्हायोलिन्स एकमेकांत मिसळून नुसता गोळा ऐकू येतो की प्रत्येक थर वेगळा लागतो, ते बघा. तिसरं, एखादं धमाल अहिराणी गाणं, ‘हाई झुमकावाली पोर’ म्हणा. इथे बास लागतोच. पण ठोका पडून लगेच थांबायला हवा. घुमत राहिला आणि शब्द झाकून टाकले, तर त्याची गत तर्रीच तर्री असलेल्या शेवभाजीसारखी. लालभडक दिसते, शेवेची चव शोधावी लागते.

शेवटी, काहीही न वाजवता हेडफोन नुसता चालू करून शांत खोलीत बसा. ‘सीऽऽ’ असा बारीक आवाज येतो का? तो त्याच्या अॅम्प्लिफायरचा. हलका असेल तर गाण्यात विरतो, पण रात्री झोपताना पॉडकास्ट ऐकणाऱ्यांना तो वेड लावतो.

एसटीतली शांतता

नॉइज कॅन्सलिंगची गोष्ट मोठी इंटरेस्टिंग आहे. बंगाली वडिलांचे अमेरिकन चिरंजीव, डॉ. अमर बोस, १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परतत होते. विमानाच्या घरघरीत हेडफोनमधलं संगीत धड ऐकू येईना, म्हणून त्यांनी प्रवासातच गणितं मांडली. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करायची, दोन्ही एकमेकांना खातात. त्यावरचा वैमानिकांचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला आणि तुमच्या-आमच्यासाठीचा ‘क्वाएट कम्फर्ट’ २००० मध्ये.

आम्ही तो एरंडोल-पारोळा मार्गे जळगाव-धुळे एसटीत वापरला. इंजिनची घरघर खरोखर गायब! पण खिडक्यांचा खडखडाट, कर्कश हॉर्न आणि कंडक्टरची टिंग-टिंग तशीच. कारण ही ट्रिक सलग, जाड आवाजावर चालते; अचानक येणाऱ्या बारीक आवाजाला फक्त गादीच अडवू शकते. खिडकीशी बसलात तर वारा माइकमध्ये शिरून उलट नवीनच घोंघाट सुरू होतो. पुण्याला रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांना मात्र पैसे वसूल. बंद काचा, एसीची एकसुरी घूं-घूं, यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक नाही. बाइकवर मात्र तिन्हीपैकी एकही नको. हायवेवर मागून येणारा ट्रक ऐकू न येणं हे फीचर नव्हे.

आणि आता तो ‘खतरा’. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. ९० डेसिबल केलात की ते चाळीसचे चार तास होतात! १२ ते ३५ वयाच्या शंभर कोटींहून जास्त मुलामुलींच्या कानांना असल्या ऐकण्यातून धोका आहे, असं हीच संघटना सांगते. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. एसटीत साधा ब्लूटूथ हेडफोन लावला, तेव्हा गाण्याचे शब्द कळण्यासाठी आम्हाला व्हॉल्यूम जवळजवळ टोकाला न्यावा लागला. नॉइज कॅन्सलिंगवर अर्ध्यातच भागलं. थरथरणाऱ्या हेडफोनची थरथर आवाज न वाढवताही जाणवते, हा त्याचा प्लस पॉइंट. पण ती लागली की हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो, हे आम्ही तिघांनी अनुभवलं. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर आवाज फारच मोठा होता. ती दुसऱ्या दिवशीही गेली नाही, तर ईएनटी डॉक्टर गाठा.

मग घेतला कुणी कुठला? बँकवाल्याने पायलट व्हायचं ठरवलंच. त्याला समजावून आम्ही थकलो. धुळ्याच्या मैत्रिणीने आग्रा रोडवरची तीन दुकानं पालथी घातली आणि बॅटरी संपल्यावरही वायर लावून वाजणारा, मॅट राखाडी, कापडी गाद्यांचा नॉइज कॅन्सलिंग शोधून काढला. दुकानदाराने विचारलं, ‘ताई, लाल देऊ का? लाल जास्त चालतो.’ तिने आधी झुमक्यासकट घालून बघितला, मग पैसे काढले.