खानदेश नेमका कुठवर?

शिंदखेडा खानदेशात येतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तापी, पांझरा आणि बुराईच्या पाण्यावरचा हा तालुका. दोंडाईच्याचा मिरचीबाजार इथला, मुडावदचा पांझरा-तापी संगम इथला आणि घराघरातली बोली अहिराणी. खानदेशाचा नकाशा कोणीही, कसाही काढला तरी शिंदखेडा आतच राहतं. वाद आहे तो कडांचा. सटाण्याचा शेतकरी कागदावर नाशिककर आणि घरात अहिराणी बोलणारा. रावेरचा केळीवाला स्वतःला पक्का खानदेशी म्हणवतो, पण अहिराणी त्याच्या घरातली बोली नाही. बऱ्हाणपूर तर दुसऱ्या राज्यात गेलं, आणि एकेकाळी खानदेशची राजधानी होतं तेच!

शाळेतलं उत्तर सोपं आहे: धुळे, जळगाव, नंदुरबार. पण या तीन नावांचा खानदेश तसा ताजाच आहे. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधी दोन जिल्हे होते आणि 1906 पूर्वी एकच. उत्तर बदलत आलंय, कारण दर वेळी मोजपट्टी बदलली आहे.

राज्यकर्त्यांची मोजपट्टी

पहिली मोजपट्टी सत्तेची. शिंदखेड्याच्या उत्तरेला तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याची सत्ता इथून चालली आणि फारुकींच्या कबरी आजही गावात उभ्या आहेत. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं आणि राजधानी पूर्वेला सरकली. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती लागल्यावर खानदेश मुघलांचा सुभा झाला, पण मुख्य ठाणं बऱ्हाणपूरच राहिलं. 1631 मध्ये मुमताज महल वारली ती याच शहरात. म्हणजे इतिहासाच्या मोजपट्टीने बऱ्हाणपूर खानदेशचं नुसतं गाव नाही, ते त्याचं सिंहासन होतं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठिकाण केलं. बऱ्हाणपूर मात्र शिंद्यांकडे राहिलं आणि पुढे इंग्रजांच्या मध्यप्रांतातल्या निमाड जिल्ह्यात गेलं. खानदेशच्या पूर्वेची ही तोड पुन्हा जोडली गेली नाही.

दुसरी तोड दक्षिणेची. 1869 मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण खानदेशातून काढून नाशिकला जोडले गेले. आज ‘कसमादे’ म्हणून ओळखला जाणारा कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याचा पट्टा या फेरवाटपातून नाशिकचा झाला. बागलाणचा मुद्दा त्यात अधिकच गुंतागुंतीचा. मुल्हेर-साल्हेरच्या बागुल राजांचं ते स्वतंत्र राज्य होतं. 1638 मध्ये औरंगजेबाने ते जिंकलं. त्यामुळे ‘आम्ही आधी बागलाणी, मग काय ते’ असं म्हणणाऱ्याला इतिहासाचा आधार आहे.

उरलेल्या जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. मुंबई राज्याचं विभाजन झाल्यावर पूर्व खानदेशाचं नाव जळगाव झालं, पश्चिम खानदेशाचं धुळे. तेव्हापासून ‘खानदेश’ हे नाव सरकारी जिल्ह्यांच्या यादीतून गेलं. जे नाव यादीत नाही, त्याची हद्द कोण राखणार?

पाण्याची मोजपट्टी

मग निसर्गाला विचारावं, असं कोणी म्हणेल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मधून वाहणारी तापी. चित्र सुबक आहे, पण पाणी जिल्ह्याची हद्द मानत नाही. गिरणा उगम पावते नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरात, मालेगावाला मोसमचं पाणी घेते आणि जळगाव जिल्हा ओलांडून तापीला मिळते. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिकमध्ये. त्याच्या पाण्यावर डोळे लावून बसतात चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचे शेतकरी. वर चणकापूर, पुनद, हरणबारी ही धरणं आधी भरायची, मग खाली गिरणेचा आकडा वाढायचा. आवर्तनाच्या वेळी ‘खानदेश कुठवर’ हा प्रश्न शेताच्या बांधावर येतो.

सोयगावचंही तसंच. अजिंठ्याच्या डोंगराखालचा हा तालुका. लेणी कोरली आहेत वाघूर नदीच्या वळणावर आणि वाघूर जाते तापीकडे. लेणी पाहायला रेल्वेने येणारा पाहुणा जळगावला उतरतो. तरी सोयगाव मराठवाड्यात, कारण तो मुलूख निजामाचा होता. उलट पाण्याचीच मोजपट्टी शेवटपर्यंत ताणली, तर चांगदेवला तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या मागोमाग अकोला, अमरावतीही खानदेशात ओढावी लागेल. तसा दावा कोणी करत नाही.

बोलीची मोजपट्टी

तिसरी मोजपट्टी जिभेची. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा विचार 1907 च्या खंडात मराठीपासून वेगळा, भिल्ली बोलींबरोबर झाला. जनगणनाही तिला स्वतंत्र धरते: 2011 मध्ये खानदेशी या सदराखाली सुमारे साडेअठरा लाख लोकांची नोंद आहे आणि त्यात बहुसंख्य अहिराणी सांगणारे.

ही बोली कुठे बदलते, ते कानाला कळतं. शिंदखेड्याचा माणूस ‘मन्हं गाव आठेच शे’ म्हणतो. भुसावळ, यावल, रावेरकडे गेलात की ‘माह्यं गाव इथंच हाये’ ऐकू येतं. ती लेवा गणबोली, तावडी पट्ट्याची. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना कित्येक जण सरसकट अहिराणीच्या कवयित्री ठरवतात, तो याच घोळाचा भाग. शहादा-तळोद्याकडे गुजरी, सातपुड्यात पावरी आणि भिल्ली बोली. अहिराणी हीच कसोटी मानली, तर सटाणा-मालेगाव आत येतात, रावेर-यावल बाहेर जातात आणि धडगावचं काय करायचं ते कळत नाही.

नवापूरचा बाक

पश्चिमेची कड 1960 ची. एकेकाळी खानदेशातून देखरेख होणारा डांग तेव्हा गुजरातकडे गेला. डांगी मराठीची की गुजरातीची, हा वाद त्याआधीच पेटला होता. 1949 मध्ये बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी तिथे दौराही केला होता. नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतली काही गावंही विभाजनाच्या कायद्याने गुजरातला मिळाली.

शिंदखेड्याहून सुरतेकडे जाणारी रेल्वे या रेषेवरूनच जाते. नवापूर स्थानक दोन राज्यांत वाटलं गेलं आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आणि बाकावर तसं लिहूनही ठेवलं आहे. लोक त्यावर फोटो काढतात, गाडी आली की उठून जातात.

वाद कशासाठी?

हा सगळा भूगोलप्रेमींचा हौशी वाद असता तर सोडून देता आला असता. पण अनुशेषाचा हिशेब प्रदेशावर होतो. राज्यघटनेच्या कलम 371(2) नुसार 1994 मध्ये तीन विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. खानदेश गेला ‘उर्वरित’मध्ये, पुणे-मुंबईच्या पंगतीत. धडगाव, अक्कलकुव्याची दैना त्या सरासरीत बुडाली. नावाचा गोंधळ तर विचारूच नका. 1990 मध्ये जळगावला ‘उत्तर महाराष्ट्र’ विद्यापीठ झालं, पण त्याच्या कक्षेत तीनच जिल्हे. नाशिकची महाविद्यालयं पुण्याकडे. महसुलाच्या नाशिक विभागात मात्र हे तीन जिल्हे, नाशिक आणि नगर, सगळे एकत्र. म्हणजे ‘उत्तर महाराष्ट्र’ म्हटलं की कुठे खानदेश, कुठे नाशिक आणि दोन्हीकडे मागणी करणारा वेगळा.

माझं मत स्पष्ट आहे. एकच रेघ मारून हा वाद मिटणार नाही आणि मिटवूही नये. निधीचा हिशेब करायचा असेल तर धुळे, जळगाव, नंदुरबार हे तीन जिल्हे स्वतंत्र गट म्हणून मोजा. ‘उर्वरित’मध्ये ढकलू नका. पाण्याचं नियोजन करताना गिरणेच्या उगमापासून मुखापर्यंत एकच खोरं धरा, मग जिल्हा कोणताही असो. अहिराणीचा कोश किंवा अभ्यासक्रम करताना बागलाण-मालेगावला आधी बोलवा आणि तो तावडीवर लादू नका. इतिहास शिकवताना थाळनेरच्या शेजारी बऱ्हाणपूर ठेवा. प्रत्येक कामाला वेगळी मोजपट्टी लागते. ‘अमकं गाव खानदेशात नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्याला म्हणून एवढंच विचारा, कोणत्या मोजपट्टीने? उत्तर आलं तर चर्चा करा. नाही आलं, तर मतांचा हिशेब चाललाय असं खुशाल समजा.