फुटलेली मत्स्यपेटी आणि अदृश्य सेवक

काचेची मत्स्यपेटी अकस्मात तडकली, तर मासे बादलीत काढून नवी पेटी त्वरित सिद्ध करावी लागते. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे चढतो, आणि उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो; म्हणून बादली सावलीत ठेवून तीत हवा सोडावी. तेथे नळाने येणारे खारून नदीचे पाणी जंतुनाशासाठी क्लोरीनयुक्त केलेले असते. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. सोडियम थायोसल्फेटने तो निष्प्रभ होतो.

परंतु एवढ्याने पेटी वासयोग्य होत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांनाच विषारी ठरतो. काही सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास असे जंतू मातीतून वेगळे केले. हे जंतू पाण्यात थोडेच तरंगतात. वाळूला व गाळणीच्या स्पंजाला ते चिकटून राहतात. त्यांची नवी वसाहत वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून काचेचे तुकडे वेचून जुनी वाळू व स्पंज ओलेच ठेवावेत आणि नळाखाली न धुता नव्या पेटीत घालावेत. पाणी नवे चालते. हे सेवक मात्र जुनेच हवेत.