रात्रीच ठणकणारा मणका

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची पाठ दिवसा बरी असते, रात्री मात्र ठणकते. आयबुप्रोफेनची गोळी घेतली की उतार पडतो. घरचे दप्तराला बोल लावतात, नाहीतर मोबाइलला. पण अशा दुखण्यामागे क्वचित मणक्यातली हरभऱ्याएवढी गाठ असते. तिचं नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. न्यूयॉर्कच्या हेन्री जॅफी यांनी १९३५ मध्ये तिची वेगळी ओळख पटवली. ती कर्करोगाची नसते, सहसा दीड-दोन सेंटिमीटरपुढे वाढतही नाही. पण प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं भरपूर तयार करते. ठणका त्यांचाच, आणि गोळी नेमकी त्यांचीच निर्मिती रोखते. स्नायू आखडून कणाही एका बाजूला वाकू शकतो. साध्या एक्स-रेत ही गाठ अनेकदा निसटते, सीटी स्कॅनमध्ये सापडते.

पूर्वी पाठ उघडून हाड कोरावं लागे. आता सीटी स्कॅनवर बघत, काही मिलिमीटरच्या छेदातून सुई थेट गाठीत नेतात. रेडिओलहरींनी तिचं टोक साधारण ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही मिनिटं तसंच ठेवतात; गाठ जागीच जळते. बोस्टनच्या डॅनियल रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. मणक्यात मात्र ती जोखमीची, कारण मज्जारज्जू अगदी शेजारी! मधलं शाबूत हाड आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव बरीचशी उष्णता अडवतात, तरी गाठ नसेला खेटून असेल तर सुईचा हट्ट नको, शस्त्रक्रियाच बरी.

मूल पाठदुखीने रात्री वारंवार जागं होत असेल, तर मलमं बदलत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.