कालव्यावरून दिवाणपदावर

बेलापूरच्या शिवारात प्रवरेच्या कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, हा प्रश्न नेहमीचाच आहे. कालव्याच्या तोंडाजवळच्या शेताला पाणी लवकर मिळते. 'टेल'च्या शेताला ते मिळेलच असे नाही. पाणी कोणाला व किती द्यायचे, हा प्रश्न गणिताचा की राज्यकारभाराचा? मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या अभियंत्याने तो दोन्ही बाजूंनी हाताळला.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

खडकवासल्याच्या जलाशयातून पावसाळ्यात बरेच पाणी सांडव्यावरून वाहून जाई. ते अडवण्यासाठी त्यांनी आपोआप उघडणारी दारे तयार केली. दारांचा तोल एका जड भाराने सांभाळलेला असतो. जलाशय पूर्ण भरला की जादा पाणी भाराच्या हौदात शिरते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात बुडालेल्या भाराचे वजन कमी भासते, तोल ढळतो आणि दारे उघडतात. पूर ओसरला, हौद रिकामा झाला की दारे पुन्हा बंद होतात. पहारेकरी नको की इंजिन नको! या दारांमुळे पाण्याची पातळी सुमारे ८ फूट अधिक उंच राखता आली.

पाणी साठवणे साधले. वाटणे अधिक अवघड होते. नीरा कालव्यावर तोंडाजवळचे शेतकरी उसाला भरमसाट पाणी देत. त्याने जमिनी पाणथळ होत आणि दूरची गावे कोरडी राहत. विश्वेश्वरय्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली. प्रत्येक गावात जमिनीचे ठरावीक गट पाडायचे, त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण ऊस मात्र गटाच्या सुमारे एक तृतीयांश भागातच घ्यायचा. उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी फेरपालट. शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. पुढे ही पद्धत दख्खनच्या इतर कालव्यांवरही आली.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. दिवाण म्हणजे संस्थानाचा प्रधानमंत्री; मात्र त्याला जनता निवडून देत नसे, महाराज नेमत. त्यांच्या कारकिर्दीत म्हैसूर बँक (१९१३) आणि म्हैसूर विद्यापीठ (१९१६) स्थापन झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे कामही पुढे सरकले.

पण सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना राखीव जागा द्याव्यात की नाही, यावर त्यांचे महाराजांशी मतभेद झाले. केवळ गुणवत्ता पाहावी, असे त्यांचे मत होते. ज्यांना शाळेचे दारच उशिरा उघडले, त्यांचा वाटा कसा ठरवायचा, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. १९१८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये ते निवर्तले.

पाण्याच्या बाबतीत 'टेल'च्या शेताची काळजी त्यांनी नेमकी ओळखली होती. संधीच्या बाबतीत मात्र 'टेल'ला कोण उभे आहे, याविषयी त्यांचे व लोकांचे उत्तर जुळले नाही. पुढच्या आवर्तनाला वडीलधाऱ्यांबरोबर चारीवर जा. पाण्याचा वेग मोजाच. पण शेवटच्या शेतात ते पोहोचले का, हे तिथल्या शेतकऱ्यालाही विचारा.