दांडी लाकडाची की कार्बनची?

बेस गिटारच्या चार जाड तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारणपणे ७५ ते ८० किलो वजनाइतका भरतो. एखादा धट्टाकट्टा माणूस अहोरात्र वाद्याच्या दांडीला लोंबकळत आहे, असे म्हटले तरी चालेल. सतारीच्या संदर्भात आपण जिला दांडी म्हणतो, तिलाच गिटारवादक 'नेक' म्हणतात. ही दांडी लाकडाची असावी की कार्बन फायबरची, हा वाद बेसवादकांत गेली चार दशके आणि वर काही वर्षे सुरू आहे. ऐकणाऱ्याला तो हौशी वाटेल. पण वाद्यासाठी पदरचे पैसे मोजणाऱ्याला तसे वाटत नाही.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याची मेपल लाकडाची दांडी धडाला स्क्रूने जोडलेली होती आणि तारेची लांबी ३४ इंच होती. आजही बहुसंख्य बेस गिटार याच घडणीचे असतात. दांडीच्या पोटात पोलादाची सळई असते. 'ट्रस रॉड' नावाच्या या सळईची चावी फिरवून तारांच्या ओढीने आलेला बाक कमी-जास्त करता येतो. लाकूड मात्र तोडल्यावरही हवेतले बाष्प शोषत आणि सोडत राहते. रेषांच्या दिशेने ते फारसे हलत नाही, आडवे मात्र फुगते आणि आकसते. रेषा सरळ नसतील तर दांडी पीळ घेते आणि पिळावर ट्रस रॉडचा काहीही इलाज चालत नाही. वातानुकूलित स्टुडिओ आणि मुंबईचा जुलै यांत ये-जा करणाऱ्या वाद्याचे हाल त्यामुळे वेगळे सांगायला नकोत.

याहून छळणारा दोष म्हणजे 'डेड स्पॉट'. बहुतेक वेळा सर्वांत बारीक, म्हणजे 'जी' तारेवर, पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर छेडताच विझतो. शेजारचे स्वर घुमत राहतात आणि हा एकटाच मान टाकतो. पुष्कळ वादक तार किंवा स्वतःचे बोट सदोष समजून वर्षे काढतात. खरे कारण असे, की दांडी ही स्वतःही एक कंप पावणारी काठी आहे. वाजवलेल्या स्वराची कंप्रता दांडीच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली आणि त्या ठिकाणी दांडी सहज डोलणारी असली, की तारेतली ऊर्जा दांडीत जाते. तंबोऱ्यात तारेची ऊर्जा भोपळ्यात उतरते म्हणून तो ऐकू येतो; विजेच्या गिटारमध्ये पिकअपला फक्त तारेचे कंपन कळते, म्हणून दांडीने घेतलेली ऊर्जा वायाच जाते. हेल्मुट फ्लायशर या जर्मन संशोधकाने १९९०च्या दशकात दांड्यांची कंपने मोजून हा संबंध दाखवून दिला.

कार्बन फायबर वाद्यांत आले ते अवकाश तंत्रज्ञानातून. कॅलिफोर्नियातील एका अवकाश कंपनीत काम करणाऱ्या जेफ गूल्ड यांना, उपग्रहाच्या भागांना चालणारा हा हलका आणि ताठ पदार्थ बेसला का चालू नये, असा प्रश्न पडला. 'अलेम्बिक' या वाद्यनिर्मात्यांच्या साथीने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तशी दांडी घडवली आणि पुढे 'मॉड्युलस ग्रॅफाइट' ही कंपनी उभी केली. पाठोपाठ नेड स्टाइनबर्गर यांनी तर डोकेच नसलेला, जवळजवळ संपूर्ण कार्बन-राळेचा बेस आणला. 'रश'चा गेडी ली, 'लेव्हल ४२'चा मार्क किंग, 'रेड हॉट चिली पेपर्स'चा फ्ली अशा नामवंतांनी वेगवेगळ्या काळात कार्बनच्या दांड्या वाजवल्या.

धाग्यांच्या दिशेने मोजले तर कार्बन-राळेचे मिश्रण मेपलच्या सुमारे दहापट ताठ असते. प्रत्यक्षात धागे निरनिराळ्या दिशांनी बसवावे लागतात, म्हणून दांडीत एवढा फरक उरत नाही. तरीही ती पुरेशी ताठ होते, तिच्या नैसर्गिक कंप्रता वर सरकतात आणि डेड स्पॉट बराच सौम्य होतो. तो समूळ नाहीसा होतो, हा विक्रेत्यांचा दावा मात्र मान्य करण्यासारखा नाही. तीच गोष्ट 'सूर कधीच उतरत नाही' या जाहिरातीची. तारा पोलादाच्याच आहेत. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने त्या सैलावणारच. शिवाय सुरुवातीच्या अनेक कार्बन दांड्यांत ट्रस रॉड नव्हता. साच्यातून आलेला बाक वादकाच्या हाताला रुचला नाही, तर करण्यासारखे काही उरत नसे. लाकूड रंधता येते, तासता येते. कार्बनच्या दांडीला हात लावायला गल्लीतला कारागीर सहसा धजत नाही.

कार्बनचा नाद 'थंड' असतो, असा जुना आक्षेप आहे. तो स्वर लांबतो आणि सर्व पडद्यांवर एकसारखा येतो, हे खरे. पण ऊब नाही असे म्हणणाऱ्यांनी फक्त दांडी बदलून, तारा आणि पिकअप तेच ठेवून तुलना केलेली क्वचितच आढळते.

लाकडाच्या बाजूनेही एक अडचण आहे. लाकडी दांडीवरची पट्टी पुष्कळदा शिसवाची असते आणि त्यात भारतीय शिसवाचा मोठा वाटा आहे. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींच्या व्यापारावर 'साइट्स' करारान्वये परवान्याचे बंधन आले. त्या वर्षी फेंडरने काही गिटारांवर शिसवाऐवजी पाउ फेरो हे लाकूड वापरले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

अनेक निर्मात्यांनी आता मधला मार्ग धरला आहे : दांडी मेपलचीच, पण ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या पट्ट्या. पिळाला त्याने आळा बसतो, डेड स्पॉटला थोडाच. जुना बेस विकत घेताना म्हणूनच 'जी' तारेवर तिसऱ्या पडद्यापासून नवव्यापर्यंत एकेक स्वर छेडून तो किती टिकतो ते ऐकावे. एखादा स्वर चटकन विझला, तर दांडीच्या टोकाला लहानशी जड क्लॅम्प लावून पुन्हा वाजवावे. विझणारी जागा दुसऱ्या पडद्यावर सरकली, तर दोष तारेत नाही, दांडीत आहे.